कोजागरीला गच्चीवर काय ठेवाल? ऑर्केस्ट्रा, हाउजी की भोंडला?

सोसायटीच्या कोजागरीत खरी अडचण वेळेची. दुधात चंद्र पाहायचा मध्यरात्री आणि गच्चीवरचा लाउडस्पीकर बंद करायचा रात्री १० वाजता. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत त्याला बंदी असते. सणांसाठी वर्षातले मोजकेच दिवस १२ पर्यंत सवलत मिळते. त्यात कोजागरी आहे का, ते आधी पाहा. नसेल तर ऑर्केस्ट्रा, कराओके सातलाच सुरू करा. साडेनऊला उभा राहिलेला गायक दोन गाण्यांत गुंडाळावा लागतो, वर्गणी मात्र पुरती जाते.

दहानंतर माइकविना चालणारे खेळ हवेत. हाउजी सगळ्यांना जमते. तिकिटावर १५ आकडे, आजी-नातू मिळूनही खेळतात. पण सलग तीन डाव नकोत. कोणी तिकिटावरून मान वर करत नाही.

भोंडला मात्र जरूर ठेवा. पाटावर हत्ती, भोवती फेर आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. गोड की तिखट, यावर मुले हमखास भांडतात! विदर्भातले शेजारी असतील तर त्यांना भुलाबाईची गाणी म्हणायला सांगा. तिची सांगता कोजागरीलाच होते.

उखाण्यांची फेरी ठेवताना जरा विचार करा. ‘नाव घ्या’ म्हटले की एकट्या बायका हळूच दूध ढवळायला निघून जातात. उखाणा मैत्रिणीचा, नातवाचा, सोसायटीच्या वॉचमनकाकांचाही चालेल, असे सुरुवातीलाच सांगा. आणि पहिला उखाणा सेक्रेटरींना घ्यायला लावा.