वाड्याच्या ओसरीवर चहा

पुण्याच्या पेठांतील जुने वाडे वर्षागणिक घटत चालले आहेत आणि जे थोडे उरले आहेत त्यांपैकी काहींच्या ओसरीवर आता चहाची दुकाने थाटली जात आहेत. एका पक्षाला यात पूर्वजांच्या वास्तूची विटंबना दिसते, तर दुसऱ्याला वारसा-जतनाचे पुण्यकर्म. वाड्याच्या भिंतीला हात लावून पाहण्याची तसदी मात्र दोहोंपैकी कोणीच घेत नाही, अशी आमची तक्रार आहे.

विटंबनेच्या आक्षेपात फारसे तथ्य नाही. वाड्याचा दर्शनी भाग केवळ घरच्यांपुरता कधीच नव्हता. रस्त्याकडील खणांत दुकाने असतच. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी पुण्यात 'अमृततुल्य' चहाचा व्यवसाय रुजविला, तोही अनेकदा अशाच एखाद्या खणात, पितळी पातेले आणि आले कुटण्याचा खलबत्ता मांडून. चहा आणि वाडा यांचे वैर नाही. वैर असलेच तर ते वाडा आणि भाडे यांचे आहे.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाड्याची पातळी १ सप्टेंबर १९४० च्या दराशी बांधून टाकली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते; परंतु ते अर्धशतक तसेच राहिले आणि कौले परतण्याइतकेही उत्पन्न मालकाच्या हाती उरले नाही. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. पण मुळात रक्कमच जिथे नगण्य, तिथे तिचे ४ टक्के ते किती? राहत्या जागेचा वापर अन्य कामासाठी करण्यास मालकाला १९४७ च्या कायद्याने मनाई केली होती, आणि ती मनाई नव्या कायद्यातही आहे. राहती घरे दुकानांनी गिळू नयेत हा तिचा हेतू स्तुत्य होय. परिणाम मात्र विपरीत झाला. वाडा पाडून नवी इमारत उभारली तर तळमजल्यावर दुकानांची रांग लागू शकते. वाडा उभा ठेवून त्याच्या एका खोलीत चार बाके टाकायची म्हटले, की कायदा आडवा येतो.

आता जतनाच्या पुण्यकर्माकडे वळू. वाड्याच्या विटा चुन्यात बसविलेल्या असतात. गूळ, हिरडा, बेलफळ घालून मळलेला तो चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतोही. पावसाळ्यात भिजलेली भिंत उन्हाळ्यात सुकते ती त्यामुळे. नवा दुकानदार येतो, जुना गिलावा खरवडतो आणि त्यावर सिमेंटचा गुळगुळीत थर देतो. पहिल्या वर्षी सारे झकास दिसते. मग आत कोंडलेली ओल वर चढू लागते, क्षारांचे पांढरे पोपडे सुटतात आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके, बाहेरून कोणाला न दिसता, कुजू लागतात. सागवानी खांबांची कथा याहून करुण आहे. खांब दगडी तळखड्यावर उभा करण्यात जुन्या सुताराचा हेतू साधा होता: लाकडाचा पाय जमिनीच्या ओलीपासून चार बोटे वर राहावा. चकचकीत फरशीसाठी जमीन उंच केली की तळखडा गाडला जातो, खांबाचा पाय ओलीत येतो आणि वाळवीला आमंत्रण मिळते. वर त्याच खांबाला 'पुरातन' दिसावा म्हणून तकाकीचे रोगण! ज्या खांबासाठी गिऱ्हाईक येते, तोच खांब त्याच्या पायाशी मारला जात असतो.

आगीचा विचार तर कोणी करताना दिसत नाही. कडीपाटाच्या छताखाली, लाकडी जिन्याला लागून, १९ किलोचे व्यापारी गॅस सिलिंडर ठेवणे हे धाडस नव्हे, अविचार होय. शेगडी मागच्या परसात किंवा उघड्या चौकाच्या कडेला नेता येते. चहा दहा पावले चालून आला तर निवत नाही.

आणि भाडेकरूंचे काय? मलेशियातील पेनांगच्या जॉर्ज टाउनचा अनुभव येथे विचारात घेण्याजोगा आहे. तेथील भाडेनियंत्रण २००० च्या आरंभी उठले आणि २००८ मध्ये त्या नगराला जागतिक वारशाचा मान मिळाला. जुन्या दुकानघरांत उपाहारगृहे आणि छोटी हॉटेले निघाली, इमारती सावरल्या. परंतु पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, तेथेच हातउद्योग करणारी अनेक कुटुंबे वाढत्या भाड्यांपुढे टिकू शकली नाहीत. पेठांतही माजघरापर्यंत दुकान शिरले तर याहून वेगळे घडण्याचे कारण नाही. ओसरीवर चहा आणि आत संसार, ही मर्यादा आम्हांला मान्य आहे, तिच्यापलीकडे नाही.

तेव्हा शासनाने कायद्यात एवढीच फट ठेवावी: दर्शनी एक-दोन खण दुकानाला द्यावेत, आतील कुटुंबांचा हक्क अबाधित राहावा आणि दुरुस्ती चुन्यातच व्हावी. यातील शेवटची अट सर्वांत महाग पडेल. चुना भिजवून मुरवावा लागतो, गिलावा थरांनी द्यावा लागतो आणि प्रत्येक थर सुकेपर्यंत थांबावे लागते. सिमेंटचे काम त्या मानाने लवकर उरकते, आणि कर्जाचा हप्ता तर पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. जाणता मालकही सिमेंटकडे वळतो तो या हिशेबापायी. चुन्याचे काम चालू असेल तितक्या महिन्यांचा मिळकतकर महापालिकेने सोडला, तर तिच्या तिजोरीला त्याची झळ फारशी लागणार नाही.