पृष्ठस्थ सूक्ष्मबुडबुडे व प्रथिनांचे अधिशोषण

पाणी न धरणाऱ्या (जलद्वेषी) घन पृष्ठावर पाण्याखाली चिकटून राहणाऱ्या अतिसूक्ष्म वायुबुडबुड्यांचा प्रथिनांच्या अधिशोषणावर (पृष्ठावर रेणू साचून थर बनण्यावर) होणारा परिणाम. भुसावळ, यावल, रावेर या भागांतील केळीच्या बागांत पानाच्या मेणचट पाठीवरून पाण्याचे थेंब गोल होऊन घरंगळताना दिसतात; अळूचे पान पाण्यात बुडविल्यास रुपेरी चकाकते. ही चकाकी पान व पाणी यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे येते. पॉलिस्टायरीन वा ग्रॅफाइट यांचे गुळगुळीत पृष्ठ मात्र पाण्यात पूर्ण भिजलेले दिसते. तरी त्यावरही पुष्कळदा हवेचे ठिपके असतात. त्यांची उंची सामान्यतः 10 ते 100 नॅनोमीटर (1 नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश) असून तळाची रुंदी बरीच अधिक असल्याने ते उपड्या बशीसारखे असतात.

अशा बुडबुड्यांची कल्पना पार्कर, क्लासॉन व अटार्ड यांनी 1994 मध्ये मांडली आणि 2000 च्या सुमारास अणुबल सूक्ष्मदर्शकाने त्यांच्या प्रतिमा मिळाल्या. प्रारंभी त्यांवर विश्वास बसणे कठीण होते. 100 नॅनोमीटर वक्रता त्रिज्येच्या बुडबुड्यात पृष्ठताणामुळे आतील दाब बाहेरच्यापेक्षा सु. 14 वातावरणांनी अधिक असतो. एप्स्टाइन व प्लेसेट यांच्या 1950 मधील गणितानुसार तो सेकंदाच्या अल्पांशात विरघळावयास हवा. प्रत्यक्षात तो तासन्‌तास टिकतो. लोझे व झांग यांच्या 2015 मधील विवेचनानुसार बुडबुड्याची कड पृष्ठावरील सूक्ष्म विषमतेत अडकून राहते. त्यामुळे आकसताना तो पसरट होतो, वक्रता त्रिज्या वाढते, दाब घटतो आणि पाण्यात हवा थोडी अतिसंतृप्त असल्यास समतोल साधतो.

जलद्वेषी पृष्ठाशी संपर्क येताच प्रथिनाच्या रेणूची घडी अंशतः उलगडते व त्याचे जलद्वेषी भाग पृष्ठाला घट्ट चिकटतात. बुडबुड्याने व्यापलेल्या जागी प्रथिन घन पृष्ठापर्यंत पोहोचत नाही. बुडबुडा गेल्यावर थरात तेथे छिद्र उरते. तथापि हवा व पाणी यांची सीमाही जलद्वेषीच असते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा फेस टिकतो तो प्रथिने याच सीमेवर जमतात म्हणून. यास्तव बुडबुडे अधिशोषण रोखतात, असे सरसकट म्हणता येत नाही. ते अधिशोषणाची जागा बदलतात, असे म्हणणे अधिक योग्य होय. ग्रॅफाइटवर विद्युत् विच्छेदनाने निर्माण केलेल्या बुडबुड्यांमुळे चिकटलेले ॲल्ब्युमीन सुटते, असे मात्र 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

रक्ताच्या संपर्कात येणाऱ्या कृत्रिम नलिका, हृदयाच्या कृत्रिम झडपा इत्यादींवर प्रथम प्रथिनांचा थर बसतो. त्यातील फायब्रिनोजनाला रक्तबिंबिका चिकटून गुठळी होऊ शकते. प्रतिपिंड-परीक्षेच्या पॉलिस्टायरीन तबकड्यांत उलट हा थर अखंड बसणे इष्ट असते. पाणी उकळून वा निर्वातात ठेवून त्यातील हवा काढली होती की नाही, याची नोंद नसलेल्या प्रयोगांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. प्रतिमांविषयीही सावधगिरी हवी. टाकाऊ पिचकाऱ्यांच्या सुयांवरील सिलिकोन तेलाचे थेंब बुडबुड्यांसारखेच दिसतात, असे 2014 मध्ये दाखविण्यात आले. हवा काढलेल्या पाण्यातही न विरघळणारे ठिपके बुडबुडे मानता येत नाहीत.