शेतात सापडलेली जुनी वस्तू ओळखायची कशी?

पुरातत्त्वात पीएचडी करतोय म्हटलं की लोक मोबाइलमधला फोटो पुढे करतात, "हे काय आहे, सांगा ना." हल्ली त्यात मेटल डिटेक्टरने शोधलेल्या वस्तूही असतात. आमच्या वाशीमकडच्या शेतात यंत्र वाजलं तर बहुतेक वेळा बैलगाडीच्या धावेचा तुकडा, झिजलेला फाळ नाहीतर बैलाच्या गळ्यातली घंटा निघणार. पण कधीतरी खरंच काही वेगळं निघतं. मग?

यंत्राकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्याच्या कडीतून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, त्यामुळे धातूत वीज फिरते आणि तिचा परिणाम यंत्र टिपतं. खाली लोखंड आहे की तांबं, एवढा अंदाज चांगलं यंत्र देतं. वय कुठलंच यंत्र सांगत नाही.

काही वस्तू स्वतःच बोलतात. वाशीममध्येच 1939 साली तांब्याचे चार कोरलेले पत्रे उजेडात आले. य. खु. देशपांडे आणि डी. बी. महाजन यांनी ते वाचले. हे दानपत्र वत्सगुल्माहून, म्हणजे वाशीमहूनच, दिलेलं. देणारा वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती, राज्यवर्ष 37. वंशावळ संस्कृतात, व्यवहाराचा भाग प्राकृतात. अथर्ववेदी ब्राह्मणांना नांदेडच्या (त्यात नंदिकट) उत्तरेकडचं एक गाव दिल्याची नोंद त्यात आहे. अक्षरांच्या वळणावरून काळ, मजकुरावरून माणसं आणि गाव, सगळं पत्र्यांवरच!

चार पत्र्यांनी केलं काय, तर वाकाटकांची वाशीमला स्वतंत्र शाखा होती हे पक्कं झालं. अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यातला लेख आधीपासून माहीत होता, पण अक्षरं झिजलेली, त्यामुळे त्यातली काही राजांची नावं चुकीची वाचली गेली होती. पत्र्यांवर प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन आणि त्याचा मुलगा विंध्यशक्ती अशी ओळ मिळाली, आणि वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख नव्याने लावला.

तरी एक अडचण उरतेच. 'वर्ष 37' म्हणजे राजा गादीवर आल्यापासूनचं, शक नाही. त्यासाठी दुसरा आधार लागतो. वाशीमजवळच्या हिस्से बोराळ्याचा शिलालेख याच घराण्यातल्या पुढच्या देवसेन राजाच्या काळातला, आणि त्यात सरळ शक 380 (इ.स. 458) दिलंय. त्यात सुदर्शन नावाच्या तलावाचा उल्लेख आहे. आधीच्या राजांचा काळ मोजायला असा एक पक्का खुंटा मिळाला की पुष्कळ सोपं होतं.

आता न बोलणारी वस्तू घ्या. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. 1974 साली तिथे एक शेतकरी जळणासाठी झुडपाचं मूळ खणत होता, आणि खाली धातूच्या चार मूर्ती लागल्या: बैलजोडीचा रथ आणि हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. चौघांचं वजन मिळून 60 किलोच्या वर. अक्षर एकही नाही. म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षं जुन्या. डी. पी. अग्रवालांनी धातूची तपासणी पुढे केली. यात आर्सेनिक 1 टक्क्याहून जास्त आहे, त्या काळच्या इतर वस्तूंत असं मिश्रण दिसत नाही, तेव्हा या बऱ्याच नंतरच्याही असू शकतात, असं त्यांचं म्हणणं. माझा कल ढवळीकरांकडे आहे, पण अग्रवालांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. इतक्या नामांकित मूर्ती, आणि वाद कशाचा? वयाचा!

हा वाद पेटायचं कारण म्हणजे त्या रीतसर उत्खननात, थर नोंदत बाहेर आल्या नाहीत. मूर्ती कोणत्या थरात होत्या, त्याच थरात कसली खापरं होती, कोळसा होता का, हे निघतानाच टिपलं गेलं तर वस्तू मुकी असली तरी माती बोलते. डिटेक्टरवाला नेमकं उलटं करतो. आवाज आला की खड्डा, वस्तू खिशात, माती परत आत. अर्ध्या तासात थर विस्कटतो, मग जगातली कुठलीही प्रयोगशाळा तो परत लावून देऊ शकत नाही.

दुसरं नुकसान घरी होतं. चिंच, लिंबू, राख लावून घासणं! तांब्यावरचा हिरवा थर म्हणजे निव्वळ घाण नव्हे. त्यात कापडाचे धागे, लाकडाचे ठसे टिकून राहतात, आणि घासताना बारीक अक्षरंही जातात. धुवूसुद्धा नका.

मग करायचं काय? खणणं थांबवा, वस्तू जागेवर असतानाच फोटो घ्या, शेजारी पट्टी नाहीतर निदान पेन ठेवा, खोली मोजा, मोबाइलमधलं ठिकाण जतन करा. आजूबाजूची खापरंही राहू द्या. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर विनापरवाना खोदकाम हाच गुन्हा आहे.

आणि कलेक्टरांना कळवा. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली 10 रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर लेखी कळवावंच लागतं, लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मालक कोणी निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा, उरलेला जमीनमालकाचा. सरकारला वस्तू हवी असेल तर ते मोबदला देऊन घेतं. त्या अर्जात तीन गोष्टी लिहायच्या असतात: काय सापडलं, कोणत्या तारखेला, आणि नेमकं कुठे.