जळालेल्या मोटारीच्या पोटात

दहिवडी असो, म्हसवड असो की आटपाडी, माणदेशातल्या बाजाराच्या गावी मोटार रिवाइंडिंगचं दुकान शोधायला पत्ता विचारावा लागत नाही. जळक्या वार्निशचा वास थेट दारात आणून सोडतो. बाहेर काळ्याठिक्कर तांब्याच्या तारांचा ढीग, उघडी पडलेली स्टेटरं, आणि आत लाकडी साच्यावर तार गुंडाळणारा एखादा पोरगा ओठ हलवत वेढे मोजत असतो. त्याला त्या वेळी हाक मारू नये. मोजणी चुकली, तर तीच मोटार जळून पुन्हा त्याच दारात येते.

तार गुंडाळण्यात एवढं काय आहे? बघायला गेलं तर सगळंच त्यात आहे.

घरातल्या विजेच्या शेगडीत तारेचं वेटोळं असतं, मोटारीतही वेटोळंच असतं. एक लालबुंद व्हावं म्हणून बनवलेलं, दुसरं कोमट राहावं म्हणून. वीज दोन्हीकडे तीच. जेम्स जूलनं १८४०च्या दशकात मांडलेला नियमही दोघांना तोच लागू: तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला की ताप चौपट, आणि सहापट झाला तर छत्तीसपट. हा वर्गाचा हिशेब ज्याच्या डोक्यात पक्का बसला, त्याला मोटार का जळते हे अर्धं कळलं.

शेगडीतली तार नायक्रोमची, म्हणजे साधारण ऐंशी टक्के निकेल आणि वीस टक्के क्रोमियम. अल्बर्ट मार्श या अमेरिकी धातुतज्ज्ञाला तिचं पेटंट १९०६ साली मिळालं. तिचा विरोध तांब्याच्या साठपटीहून जास्त, त्यामुळे थोडक्या तारेत पुरेसा ताप निघतो. खरी गंमत मात्र तिच्या कातडीत आहे. तांबं लाल होईपर्यंत हवेत तापवलं की त्याची खपली धरते, खपली गळते आणि तार बारीक होत जाते. नायक्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच थर आतल्या धातूला हवेपासून झाकतो. तार थोडीशी जळते आणि त्या जळण्यानंच पुढचं जळणं थांबवते.

याच तापणाऱ्या वेटोळ्याचं एक चिमुकलं भावंड ई-सिगारेटमध्ये असतं. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञानं २००३च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटची सुरुवात केली, आणि परदेशात हौशी मंडळी अशी वेटोळी घरी वळायला लागली. ०.२ ओहमचं वेटोळं आणि ४.२ व्होल्टचा भरलेला लिथियम सेल: भागाकार केला की २१ अँपिअर. वेढे एकमेकांना टेकले, विरोध आणखी घटला, की तो सेल खिशात पेटू शकतो. भारतात २०१९च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, विकणं आणि साठवणं हा गुन्हा आहे, आणि माझ्या मते ते बरंच झालं. निकोटिनची वाफ ओढण्यासाठी एवढी विद्या खर्च करायची असेल तर ती वाया गेली म्हणायची. वेटोळं वळायची हौसच असेल, तर माणमध्ये त्याला पोटापाण्याचं काम आहे.

माण हा तालुका पर्जन्यछायेतला. माणगंगा उगम पावते इथंच, पण वर्षातला बराच काळ तिचं पात्र कोरडं. त्यामुळे शेत चालतं ते विहिरीवर आणि बोअरवर, म्हणजेच मोटारीवर. मोटार जळाली की पीक वाळायला लागतं, आणि शेतकरी ती गाडीत घालून दुकानात आणतो. 'आजच्या आज करून द्या' हे वाक्य त्याच्याबरोबरच येतं.

आता एक कोडं. पाच एचपीची तीन फेजची मोटार घ्या. एका फेजच्या वेटोळ्याचा विरोध मीटरवर तीन-चार ओहम भरतो. त्याला ४१५ व्होल्ट मिळतात. ओहमच्या नियमानं करंट शंभर अँपिअरच्या वर जायला हवा आणि तार क्षणात जळायला हवी. प्रत्यक्षात पूर्ण भार असतानाही त्या वेटोळ्यातून चार-साडेचार अँपिअरच जातात. मग बाकीची वीज अडवतं कोण?

चुंबकत्व. वेटोळ्यातून उलटसुलट धावणारी वीज लोखंडात चुंबकीय क्षेत्र उभं करते, आणि ते बदलतं क्षेत्र त्याच वेटोळ्यात उलट दिशेचा व्होल्टेज तयार करतं. आलेल्या ४१५ व्होल्टपैकी बहुतेक सगळे तिथंच तोलले जातात. तांबं वाचतं ते स्वतःच्या विरोधामुळे नव्हे, तर त्यानंच उभ्या केलेल्या या अदृश्य उलट रेट्यामुळे. हा रेटा किती, हे बऱ्याच अंशी वेढ्यांच्या संख्येवर ठरतं. वेढे कमी पडले तर रेटा कमी, लोखंड चुंबकत्वानं ठासून भरतं, करंट चढतो आणि मोटार रिकामी फिरतानाही तापते. जास्त झाले तर मोटार रिकामी फिरताना थंड राहते, पण तिचा जोर जातो. पोरगा ओठ हलवत मोजतो ते उगाच नाही.

आणि मुळात फिरतं काय? तीन फेजची वेटोळी खाचांमध्ये वर्तुळात बसवलेली असतात, त्यांतलं एकही जागचं हलत नाही. गजी नाचाच्या रिंगणात तिघा ढोलकऱ्यांनी जागा न सोडता एकामागून एक थाप दिली, तर आवाजच गोल फिरतोय असं वाटेल. इथं चुंबकीय क्षेत्र तसं फिरतं, आणि ते नुसतं वाटत नाही, खरोखर फिरतं. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर दोन पोलच्या मोटारीत मिनिटाला ३००० फेरे. मधल्या रोटरला वीज देणारी एकही वायर नसते. फिरत्या क्षेत्रामुळे त्याच्यात आपोआप करंट उमटतो आणि तो क्षेत्रामागे ओढला जातो. रोटर क्षेत्राला कधीच गाठत नाही, मिनिटाला शंभर-दीडशे फेरे मागे राहतो. गाठलं तर करंट उमटायचाच थांबेल. निकोला टेस्लाला या कल्पनेची पेटंटं १८८८ साली मिळाली. पिंजऱ्यासारख्या रोटरची तीन फेजची मोटार पुढच्याच वर्षी दोलिवो-दोब्रोवोल्स्की या अभियंत्यानं केली. आपल्या शेतातली मोटार तिचीच वंशज.

आता बोअरमध्ये वाळू शिरली आणि रोटर अडकला, तर उलट रेटा ढासळतो. करंट सहा-सातपट होतो, आणि जूलच्या नियमानं ताप छत्तीस ते एकोणपन्नासपट. तारेवरचं इनॅमल मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचं. ते इतकं पारदर्शक असतं, की नवी तार शिकाऊ पोराला उघडं तांबंच वाटते. ते एका ठिकाणी करपलं की शेजारचे वेढे एकमेकांना भिडतात आणि खेळ संपतो.

कसबी मिस्त्री जळालेली मोटार उघडून ती कशानं गेली ते बहुतेक वेळा सांगतो. सगळी वेटोळी सारखी काळी झाली असतील तर भार जास्त झाला किंवा रोटर अडकला. काही गट कोळसा आणि त्यांच्यामधले गट नव्यासारखे चकचकीत असतील, तर डीपीवरून एक फेज गेला होता आणि मोटार उरलेल्या दोन फेजवर ओढत राहिली. हा नक्षीसारखा पुरावा मला फार आवडतो. विजेनं स्वतःचा पंचनामा लिहून ठेवलेला असतो.

पाण्यात बुडून चालणाऱ्या सबमर्सिबल मोटारीची तऱ्हा आणखी न्यारी. बोअरमध्ये मोटार खाली आणि पंप वर. इथल्या बऱ्याच सबमर्सिबलमध्ये आत सोडण्याआधी स्वच्छ पाणी भरतात, हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही. म्हणजे ४१५ व्होल्टचं वेटोळं सरळ पाण्यात! त्यासाठी तारेला प्लॅस्टिकचं घट्ट आवरण असतं, आणि ती तार खाचांमधून हातानं एकेक वेढा ओवून घ्यावी लागते. आतलं पाणी ताप बाहेर नेतं आणि बेअरिंगला वंगणाचंही काम देतं. पाणी आणायला निघालेली मोटार आधी स्वतः पोटभर पिऊन खाली उतरते.

तिचा दुष्काळी शत्रू फसवा आहे. बोअरचं पाणी पंपाच्या खाली गेलं की पंप कोरडा फिरतो. उचलायला ओझंच नाही, म्हणून करंट वाढत नाही, उलट कमी होतो. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले वाढलेल्या करंटवर उडतो, त्यामुळे तो गप्प बसतो. इकडे वाहतं पाणी थांबलेलं, पंपाची बुशं तापतायत, पण स्टार्टरच्या लेखी सारं आलबेल. कमी झालेला करंट ओळखून बंद करणारं ड्राय-रन संरक्षण माणसारख्या भागात चैन नव्हे, गरज आहे.

शिकाऊ पोराला पहिले काही दिवस तार मिळतच नाही. जुनं वाइंडिंग कापायचं आणि प्रत्येक वेटोळ्याचे वेढे, तारेचा गेज, कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत, हे वहीत उतरवायचं. मग खाचा घासून नवा कागद घालायचा. कागद फाटला तर वेटोळं लोखंडाला लागून बॉडीत वीज उतरते. विहिरीवर ओल्या पायांनी मोटारीला हात लावणारा माणूस त्या कागदाच्या भरवशावर असतो, आणि अर्थिंगच्या. स्टार्टर उघडायचा तर मेन स्विच बंद करूनही कंडेन्सरला हात घालायचा नाही. त्याच्यात साठलेली वीज आधी रेझिस्टरमधून उतरवायची.

नवं वाइंडिंग सरळ लाइनवर लावायचं नसतं. आधी सिरीज लॅम्प: शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब मध्ये जोडून एक टोक वेटोळ्याला, एक बॉडीला, मोटार लाकडी फळीवर, हात लांब. बल्ब पेटला तर काम उलगडून पुन्हा. दोष कितीही मोठा असला तरी बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त वीज जाऊ देत नाही. तापण्यासाठी बनवलेलं टंगस्टनचं वेटोळं, न तापणाऱ्याची राखण करतं. एलईडी दिव्याला हे जमत नाही, म्हणून घरोघरचे बल्ब गेले तरी अशा दुकानांत एखादा जपून ठेवलेला असतो. सिरीज लॅम्पला न दिसणारी बारीक गळती मेगर या इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्रावर ५०० व्होल्टला दिसते. एक मेगओहमच्या खाली काटा आला तर मोटार द्यायची नाही. नव्यानं भरलेल्या, वार्निश देऊन भाजलेल्या मोटारीनं याच्या कितीतरी वर दाखवायला हवं.

शेवटी मोटार रिकामी चालवून तिन्ही फेजवर करंट मोजणारा टाँग टेस्टर लावायचा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले, की बिल लिहायला घ्यायचं.