वरळीची बुलेट : जुनी मोठी मोटारसायकल घेताना



गळीत हंगाम आटोपला आणि उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की गावोगावच्या पारावर दोन विषय हमखास निघतात. एक, कोणाच्या मुलीचे लग्न कुठे ठरले. आणि दुसरा, कोणाच्या पोराने कोणती गाडी घेतली. पहिल्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. दुसऱ्यावर मात्र चार शब्द लिहावेत असे यंदा वाटले, कारण आमचे एक सभासद आणि त्यांचे चिरंजीव यांच्याबरोबर जुनी बुलेट बघायला आम्हाला थेट मुंबईला, वरळीला जावे लागले. तिथे जे पाहिले ते आपल्या सर्वांच्या उपयोगी पडेल असे आहे.

सभासदांना सारे गाव आबा म्हणते. साडेतीन एकर ऊस, दोन म्हशी, एकुलता एक मुलगा. मुलगा सहा वर्षे शंभर सीसीची गाडी चालवतो. आता त्याच्या मनात साडेतीनशेची बुलेट भरली होती. नवी परवडत नाही, म्हणून जुनी. आबांचा भाचा वरळीला बी.डी.डी. चाळीत राहतो. त्याने फोनवर कळवले, "मामा, इथं दोन गाड्या विकायच्या हायत, येऊन बघून जावा." आमचे मुंबईला काम होतेच. आबा म्हणाले, "सायेब, तुम्ही संगं चला. पोराला गाडी दिसली की त्याला दुसरं काय दिसत न्हाई."

आपल्या भागाचे आणि वरळीचे नाते जुने. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची किती तरी माणसे गिरणीत कामाला म्हणून तिकडे गेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर कित्येकांना गावची वाट धरावी लागली. जी राहिली त्यांची मुले-नातवंडे अजून त्या चाळींत आहेत. चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत असून ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. भाच्याचा नंबर अजून लागायचा आहे. जांबोरी मैदानाच्या कडेला तो आमची वाट बघत उभा होता.

पहिली गाडी सी फेसजवळच्या एका इमारतीखाली होती. काळी कुळकुळीत, टाकी आरशासारखी. मुलाचे डोळे लकाकले. विकणारा गोड बोलणारा. त्याने एकच बटण दाबले आणि गाडी धडधडू लागली. "बघा, एका सेल्फला चालू!" आम्ही मात्र इंजिनावर हात ठेवून पाहिला, तर ते अगोदरच गरम. म्हणजे आम्ही येण्यापूर्वी गाडी चालू करून ठेवली होती. थंड इंजिन चालू व्हायला कुरकुरते का, पहिला धूर कसला येतो, हे गरम गाडीवर कळत नाही. तेव्हा विकणाऱ्याला अगोदरच सांगून ठेवावे : आम्ही येईपर्यंत गाडीला हात लावू नका. धूर निळसर आणि सतत येत असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे, म्हणजे पिस्टन-रिंग, बोअरचे काम निघणार असे समजावे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते. सकाळच्या गारव्यात थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर घाबरायचे कारण नाही.

मग भाच्याचा ओळखीचा मेकॅनिक खाली बसला. जुनी गाडी उभ्याने बघायची नसते, बसून बघायची असते. वरून रंग नवा, पण मडगार्डच्या आतली बाजू, सायलेन्सरचा तळ, स्पोक, मेन स्टँडची खीळ सगळे गंजलेले. वरळीला समुद्र दारात. भरतीला, त्यातही पावसाळ्यात, लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात. खारे वारे आणि खारे पाणी लोखंड आतून खाते. आपल्याकडे शेणाच्या पाटीखाली पत्रा जसा सडतो तसेच. मेकॅनिकने चेसीवर बोट फिरवले आणि हॅण्डलच्या खालच्या अंगाला एका ठिकाणी थांबला. तिथे वेल्डिंग करून वर रंग मारला होता. "गाडी पुढून आपटलेली आहे," तो हळूच म्हणाला. आबांनी पोराकडे पाहिले. पोरगा म्हणाला, "पण आबा, आवाज बघा की!" आबा म्हणाले, "आवाज म्हशीचा बी मोठा असतो. दूध बघून घ्यायची असती."

मुंबईच्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासावी. परळला हिंदमातासारख्या सखल भागात दर पावसाळ्यात पाणी तुंबते. २६ जुलै २००५ ला तर निम्मी मुंबई बुडाली होती. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या वायरिंगची दुखणी वर्षानुवर्षे जात नाहीत. हेडलाइटच्या काचेच्या आत पाण्याचा डाग, मीटरमध्ये चिखलाची रेघ, ऑइल दुधाळ चहासारखे दिसणे, या खुणा ध्यानात ठेवाव्यात.

दुसरी गाडी चाळीच्या जिन्याखाली ताडपत्री घालून ठेवलेली. क्लासिक ३५०, २०१२ सालची. मालक साठीच्या पुढचे गृहस्थ, कंबर धरल्यामुळे चालवणे बंद. धूळ जाड, टायर जुने, चेन सैल. मुलाने नाक मुरडले. पण इंजिन थंडगार होते. बॅटरी उतरलेली, म्हणून किक मारली. चौथ्या किकला चालू झाली, धूर स्वच्छ. चेसी सरळ, कुठे वेल्डिंग नाही. पुढचे चाक उचलून हॅण्डल वळवले तर मधोमध खटका लागत होता, म्हणजे कोनसेट बदलायचा. चेन-स्प्रॉकेट, दोन्ही टायर, बॅटरी, ब्रेक लायनिंग असा मेकॅनिकने तिथेच कागदावर हिशेब मांडला. तो आकडा किमतीतून वळता करून मागा, असे आम्ही आबांना सुचवले. आणखी एक मुद्दा हाताशी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, तर जुनीचा भाव जुनाच कसा राहील? गृहस्थ समजूतदार होते. भाव उतरला.

आता कागद. इथेच खरी मेख आहे, आणि आमची विनंती आहे की एवढा भाग तरी सभासदांनी घरी मोठ्याने वाचून दाखवावा.

आर.सी. पुस्तकावरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः डोळ्यांनी पडताळला. दोन्ही जुळले. गाडी एकाच मालकाची, एम.एच. ०१, म्हणजे ताडदेवच्या कार्यालयाची नोंद. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ पर्यंत. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्याचा खर्च वेगळा. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे हे एक कारण. परंतु पुस्तकावर बँकेच्या कर्जाचा बोजा दिसत होता. गृहस्थ म्हणाले, "कर्ज केव्हाच फिटलं, नोंद काढायची राहून गेली." खरे असेलही. पण सातबाऱ्यावरचा बोजा जसा आपोआप उतरत नाही, तसाच हाही उतरत नाही. बँकेचा दाखला आणि नमुना ३५ दिल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही.

आबा पैसे कमरेला बांधून आले होते. म्हणाले, "मानूस भला दिसतोय. सह्या करून देतो म्हनतोय. गाडी घेऊन जाऊ, नाव सवडीनं चढवू." कोऱ्या फॉर्मवर सही घ्यायची आणि गाडी न्यायची, ही आपल्याकडची जुनी खोड. म्हणून आम्ही त्यांना आपल्याच शेजारच्या गावच्या एका सभासदाची हकीकत सांगितली. त्यांनी जुनी मोटारसायकल अशीच सह्या करून विकली. घेणाऱ्याने पुढे विकली, त्याने आणखी पुढे. नाव कोणीच बदलले नाही, विमा कोणीच भरला नाही. त्या गाडीने एक पादचारी जखमी झाला आणि नुकसानभरपाईच्या दाव्याची नोटीस आली ती आमच्या सभासदाच्या दारात! गाडी विकून चार वर्षे झाली होती. दोन हंगामांचे बिल वकील आणि तारखा यांत गेले.

यावर सर्वोच्च न्यायालयाचाही निकाल आहे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की गाडी एकामागून एक कितीही हातांतून गेली तरी नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे नाव बदलणे ही घेणाऱ्याची जितकी गरज तितकीच विकणाऱ्याची. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचे असते. विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा. सीमेलगतचे काही सभासद कर्नाटकातली गाडी स्वस्त मिळते म्हणून आणतात. त्यांनी तिकडच्या कार्यालयाचा ना हरकत दाखला आणि इकडचा कर हे दोन्ही धरून हिशेब करावा. गाडीवर दंडाची चलने थकली आहेत का, हेही नंबर टाकून मोबाईलवर पाहता येते. मुंबईत कॅमेरे पुष्कळ, तेव्हा हे विसरू नये.

हे ऐकल्यावर आबांनी पाच हजार विसार दिला, साध्या कागदावर पावती घेतली आणि बोजा उतरल्यावर उरलेले पैसे द्यायचे ठरले. मुलाचा चेहरा पडला. महिनाभर थांबायचे त्याच्या जिवावर आले होते.

त्याची समजूत काढायला दुसऱ्या दिवशी पहाटे भाच्याने एका मित्राची बुलेट आणली. रस्ता मोकळा होता. आम्ही म्हटले, आधी चालवू नकोस, नुसती ढकल. मग मेन स्टँडवर लाव. आपली नेहमीची शंभर सीसीची गाडी एकशे दहा किलोच्या आसपास, ही पावणेदोनशेच्या वर. पहिल्यांदा स्टँडवर चढेना. वळवताना एकदा तोल गेला, भाच्याने धरली म्हणून बरे. घामाघूम होऊन पोरगा स्वतःच म्हणाला, "ही येगळीच हाय." आम्हाला तेवढेच हवे होते. मोठ्या गाडीची ताकद सर्वांना दिसते. तिचे वजन हळू चालताना, चिखलात आणि ब्रेक लावताना कळते. २०१२ च्या गाडीला ए.बी.एस. नाही. १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना ते सक्तीचे झाले १ एप्रिल २०१९ पासून. म्हणजे ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तर चाक घसरणार, आणि सावरायचे ते आपल्यालाच. ज्यांना त्याहून जुनी, ओतीव लोखंडी इंजिनची बुलेट हवी असेल त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. डाव्या गिअरची सवय असलेला माणूस घाईत ब्रेक म्हणून गिअरच दाबतो.

महिन्याने बोजा उतरला, कागद झाले. मुलाचा बेत गाडी चालवतच गावी आणायचा होता. वरळीचा सागरी सेतू मोटारसायकलला बंद, अटल सेतू बंद, पुण्याचा द्रुतगती मार्गही बंद. मग जुन्या रस्त्याने बोरघाट आणि पुढे खंबाटकी. नवी ओळख, जुने टायर आणि दोन घाट! आबांनी सरळ टेम्पोने गाडी आणवली. टायर, चेन, कोनसेट इथे बदलून घेतले. पहिला महिना पोराने ती फक्त दिवसा आणि गावाच्या पंचक्रोशीत फिरवायची, असे ठरले. हेल्मेट त्याच्या आईने स्वतः पैसे देऊन घेतले.

त्या माऊलीने आम्हाला एकच विचारले, "सायेब, हंगामात रातच्याला उसाच्या ट्रॉल्या असत्यात की रस्त्याला. त्याचं काय?" प्रश्न आम्हाला नव्हता, आपल्या सर्वांना होता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, अशी ट्रॉली अंधारात उभी असते. ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या पोराला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. गाडी कितीही पारखून घ्या, ट्रॉलीपुढे तिचे काही चालत नाही. म्हणून पुढल्या हंगामात ज्या सभासदांचे आणि वाहनधारकांचे ट्रॅक्टर ऊस वाहतील, त्यांनी ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा लावल्याखेरीज ती रस्त्यावर आणू नये. समोरून येणारे पोर आपल्यातल्याच कोणाचे तरी असते.

आबांचा मुलगा परवा कारखान्यावर आला होता. गाडी मेन स्टँडवर एका झटक्यात लावली. आम्ही काही बोललो नाही. हेल्मेट हातात होते, एवढे मात्र पाहून घेतले.