विजेच्या गिटारीचें रोगण

आमच्या नातवानें पहिल्या पगारांतून विजेची गिटार घेतली व हौसेनें रबरी पट्ट्यांच्या स्टँडवर ठेविली. महिन्याभरानें पाहतों तों बुडाशीं रोगण चिकट होऊन डाग पडलेला! आळ मुलावर कशास घालावा? त्यास रोगणाची जात कोणीं सांगितलीच नव्हती.

गिब्सनच्या गिटारींवर आजही असतें तें नायट्रोसेल्युलोजचें रोगण पातळ व नाजूक. रबरांतील द्रव्यें त्यास मऊ करितात. थंडींतून एकदम उबेंत नेल्यास त्यास बारीक तडे जातात. पॉलिएस्टर वा पॉलियुरेथेनचें रोगण टणक व सोशीक. परंतु आघातानें त्याचाही टवका उडतो.

यास्तव घेतांनाच जात विचारावी. नायट्रोचें वाद्य रबरापासून दूर, पेटींत ठेवावें. वाजविल्यावर मऊ कोरड्या फडक्यानें घाम पुसावा. स्पिरिट मुळींच लावूं नये.