मोसंबीची फळगळ आणि मोबाइलचा सल्ला
महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये आणलेल्या 'महाविस्तार' या एआयवर चालणाऱ्या ॲपला शेतीचा प्रश्न मराठीत विचारता येतो. फवारणीचं प्रमाण, हवामान, योजनांची माहिती यासाठी ते सोयीचं आहे, शिवाय रात्री-अपरात्री विचारलं तरी वैतागत नाही. पण जालन्यातल्या मोसंबी बागायतदाराला छळणारी फळगळ हा काही एकच रोग नव्हे. पाण्याचा ताण, अन्नद्रव्यांची कमतरता, बुरशी, फळातला रस शोषणारा पतंग, यांपैकी कारण कोणतंही असू शकतं आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. यंत्राचं उत्तर आपल्या वर्णनावर उभं असतं. आपल्या नजरेतून सुटलेलं त्याला कळणार कसं? समजा, फोटो पाठवला. फोटोत फळावरचं छिद्र दिसेल, मुळाशी साचलेलं पाणी दिसणार नाही. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातला तज्ज्ञ किंवा शेजारचा जाणता बागायतदार बागेत आला तर माती उकरून पाहतो.

माणसाची शिफारस तरी कुठे निर्मळ असते, हा आक्षेप रास्तच आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली तेव्हापासून जालना बियाण्यांसाठी ओळखलं जातं, आणि जास्त नफ्याचं पाकीट पुढे सरकवणारे दुकानदार कुठे नसतात! फरक एवढाच, की दुकानदाराचा स्वार्थ गावाला ठाऊक असतो आणि बियाणं उगवलं नाही तर पावती घेऊन त्याच्याच दारात उभं राहता येतं. शेजाऱ्याचा सल्ला तर त्याच्या शिवारात जाऊन पडताळता येतो. जालना जिल्ह्यातल्या कडवंची गावात शेततळ्यांच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या द्राक्षबागा पाहायला म्हणूनच लोक बाहेरगावाहून येतात. तेव्हा ॲपला थेट औषधाचं नाव विचारण्याऐवजी 'कोणत्या खुणा तपासू?' असं विचारलं, तर तज्ज्ञासमोर नेमकी माहिती ठेवता येते.